ब्राह्मी मागितली की 'कुठली?' विचारणारं रविवार पेठेतलं दुकान

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार. एक का कापला ते शेवटाकडं लिहिलंय, माल वाईट आहे म्हणून नाही, त्यामुळं घाईत असाल तर एवढं वाचून गेलात तरी चालतंय. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, कारण मला एक पुडी ब्राह्मी घ्यायला दीड तास लागला आणि त्या दीड तासाचं सगळं सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

दुकान बेळगावात, रविवार पेठेच्या आतल्या अंगाला. नाव लिहीत नाही, मालक काकांनीच सांगितलं की नेटवर नाव नको, लोक फोटो काढत उभारतात आणि गिऱ्हाइकाला आत यायला जागा राहत नाही. पाटीवरची अक्षरं तशीही उडालेली आहेत. विचारत जाताना 'काष्ठौषधीचं दुकान कुठं' (म्हणजे वाळलेल्या झाडपाल्याच्या औषधांचं) असं शुद्ध मराठीत विचारलात तर निम्मे लोक तुमच्या तोंडाकडं बघत बसतात, कन्नडमधे 'ग्रंथिगे अंगडी' म्हटलं की पानवाला सुद्धा मान न वळवता हात करून दाखवतो. नुसतं नाकानं पण सापडतं. गूळ, मिरची, हळद यांच्या वासातनं पुढं गेलं की एका ठिकाणी वास एकदम बदलतो, वेखंड, नागरमोथा, कापूर आणि जुन्या लाकडाचा, तिथं थांबायचं.

आता मी तिथं कशी पोचले ते. आमच्या पोराची यंदा एसएसएलसी, आणि दहावीचं पोर घरात असलं की घरातल्या प्रत्येकाला काहीतरी सुचत असतंय. मामंजींनी पहाटे चारचा गजर लावला, नवऱ्यानं क्रिकेट बंद केलं, आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ठरवलं की पोराला ब्राह्मी द्यायची. माझं माहेर चंदगडकडचं. तिकडं आजीच्या न्हाणीचं पाणी जिथं परड्यात जायचं तिथं ब्राह्मी नुसती माजलेली असायची, गोल गोल पानं, कडेला बारीक दाते, लांब देठ. आजी चार पानं तोडून मिठाचा खडा लावून आमच्या तोंडात घालायची आणि म्हणायची आता बघ पाढे कसे पाठ होतात ते. पाढे काही झाले नाहीत, एकोणीसचा मला आजही बोटं मोजल्याशिवाय येत नाही, पण ब्राह्मी म्हटलं की ते गोल पान आणि ती तुरटसर चव हे डोक्यात पक्कं बसलेलं.

तर मी काय केलं, मोबाईलवरनं मागवली. कुठल्या कंपनीची ते जाऊ दे. हिरवं पाकीट, पुढं मोठ्या अक्षरात 'ब्राह्मी', खाली हिंदीत 'स्मरणशक्ति के लिए', एका पोराचा चष्मा घातलेला फोटो. पोरानं दुधातनं एक घोट घेतला आणि थेट बेसिनकडं पळाला. मला वाटलं नाटक करायलाय. मग मी बोटावर घेऊन चाटली तर कडू जहर! आजीची ब्राह्मी तुरट, थोडी कडसर, पण ही म्हणजे पाडव्याला कडुलिंब खातो तसली. मला असा राग आला की तिथंच एक स्टार देऊन लिहून टाकलं, 'भेसळ आहे, कडुलिंबाचा पाला वाटून घातलाय, फसू नका.' सत्तावीस लोकांनी ते उपयोगी आहे म्हणून दाबलं पण. ही सत्तावीस माणसं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

दुसऱ्या दिवशी ते पाकीट पर्समधे टाकून मी रविवार पेठेत.

"काका, ब्राह्मी पायजे, शंभर ग्रॅम."

"कुठली?"

मला वाटलं कंपनी विचारतायत. म्हटलं, "चांगली कुठली ती द्या की."

"चांगल्या दोन्ही हाईत. तुम्हाला कुठली पायजे?"

आता ह्याला काय उत्तर देणार? मी गप्प. तेवढ्यात माझ्या मागं उभारलेल्या एक बाई पुढं सरकल्या, काकांनी त्यांनाही तेच विचारलं, "याव ब्राह्मी बेकरी?" आणि बाई फक्त "वंदेलगा" म्हणाल्या, पुडी घेतली, पैसे दिले, गेल्या सुद्धा. पुरतं एक मिनिट लागलं नसेल. कन्नड येत नसल्याचं दुःख मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी अधनंमधनं होत असतं, त्या दिवशी जरा जास्त झालं.

दुकानात गल्ल्याच्या मागं भिंतभर लाकडी कप्पे आहेत, छोटे छोटे, पितळी कडी लावलेले. प्रत्येकावर कागदाची पट्टी, वरती देवनागरीत संस्कृत नाव, खाली कन्नड, आणि कुठं कुठं पेन्सिलीनं मराठी किंवा हिंदी नाव. काकांनी मला आत बोलावून दोन कप्पे शेजारी शेजारी उघडून दाखवले. एकावर लिहिलेलं 'मंडूकपर्णी', खाली कन्नडमधे वंदेलगा, आणि बाजूला पेन्सिलीनं 'ब्राह्मी'. दुसऱ्यावर 'ब्राह्मी', खाली नीरब्राह्मी, बाजूला हिंदी 'जलनीम'. दोन्हीत वाळलेला पाला. खरं सांगते, मला दोन्ही कप्प्यांत सारखाच कचरा दिसला, चुरमडलेला, मातकट हिरवा.

मग मी पाकीट काढून भेसळीची गोष्ट सांगितली. काकांनी पुढची बाजू बघितलीच नाही, सरळ उलटं केलं, चष्मा कपाळावरनं खाली घेतला, आणि अगदी खालच्या ओळीत मुंगीएवढ्या अक्षरात काय लिहिलंय ते एकेक अक्षर लावून वाचलं, बाकोपा मोनिएरी, म्हणजे झाडाचं शास्त्रीय नाव. "ताई, ही भेसळ न्हाई. ही पण ब्राह्मीच. सरकारच्या औषधाच्या पुस्तकात बघितलासा तर ब्राह्मी म्हणजे हीच. तुमच्या आजीची ती मंडूकपर्णी."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. तीस-पस्तीस वर्षं ज्याला ब्राह्मी म्हटलं ती ब्राह्मी नाही, आणि जिला भेसळ म्हटलं ती खरी!

म्हटलं कशावरनं? तर काकांनी एक स्टीलचा पेला घेतला, त्यात पाणी ओतलं आणि पहिल्या कप्प्यातलं एक चुरमडलेलं पान टाकलं. पाच-सात मिनिटं काहीच नाही. तोवर दोन गिऱ्हाइकं झाली. मग ते पान हळूहळू ढिलं पडायला लागलं, कडा सुटल्या, आणि काकांनी करंगळीनं ते पेल्याच्या काठावर चिकटवून पसरलं तर अगदी आजीच्या न्हाणीमागचं पान! गोल, देठापाशी खाच, कडेला दाते. मला अंगावर काटा आला बघा. मग दुसऱ्या कप्प्यातली काडी भिजवली, तर तिची पानं एवढीशी, नखाएवढी सुद्धा नाहीत, लांबट, जाडसर, आणि देठाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर जोडीजोडीनं. ह्या दोन झाडांचा एकमेकींशी लांबचा सुद्धा संबंध नाही, पहिली कोथिंबीर-गाजराच्या घराण्यातली आणि दुसरी इसबगोलाच्या. "म्हणून मी पावडर ठेवत न्हाई," काका म्हणाले, "पान भिजवून बघता येतंय. पावडर केली की सगळी हिरवी मातीच." पाहिजे असेल तर ते तुमच्यासमोर खलबत्त्यात कुटून देतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

आता खरी गंमत. दुकानात एक मुलगी बसलेली, शहापूरच्या आयुर्वेद कॉलेजात शिकणारी, द्रव्यगुणाच्या, म्हणजे औषधी झाडांच्या विषयाच्या, प्रॅक्टिकलला नमुने घ्यायला आलेली. आमचं बोलणं ऐकून तिला राहवेना. तिनं जे सांगितलं ते मी घरी येऊन परत वाचून बघितलं, म्हणून इथं लिहितेय. चरकानं बुद्धीसाठी चार रसायनं (म्हणजे ताकद वाढवणारी औषधं) सांगितलीत, मंडूकपर्णीचा रस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटलेला गोळा. त्या चौघांत ब्राह्मीचं नावच नाही! ब्राह्मी चरकात दुसरीकडं येते, अपस्मारावरच्या, म्हणजे फिट येण्यावरच्या, ब्राह्मी घृतात, घृत म्हणजे औषधी तूप. आणि सुश्रुतानं तर बुद्धी-आयुष्याच्या प्रकरणात मंडूकपर्णी आणि ब्राह्मी दोन्ही वेगवेगळ्या सांगितल्यात. म्हणजे जुन्या लोकांना दोघी वेगळ्या आहेत हे चांगलं माहीत होतं, गोंधळ नंतरचा. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश ह्या आयुर्वेदाच्या ग्रंथात ब्राह्मीला कपोतवंका, सोमवल्ली, सरस्वती अशी नावं आहेत आणि लगेच पुढं मंडूकपर्णीला मांडूकी, त्वाष्ट्री, दिव्या, महौषधी. नावं वेगळी पण एकाच दमात सांगितलेली. मग लोकांनी दोघींना बहिणी धरलं तर त्यांचं काय चुकलं.

आणि नावांचे अर्थ लावत बसलं की सगळं उलगडतं, निदान मला तरी उलगडलं. ब्राह्मी म्हणजे ब्रह्माची, ब्रह्मदेवाची शक्ती. सप्तमातृकांमधली एक ब्राह्मी, सरस्वतीचं एक नाव ब्राह्मी. म्हणजे विद्या, वाणी, बुद्धी हे सगळं त्या नावात आलं, पण पान कसं आहे, फूल कसं आहे, उगवते कुठं ह्यातलं एक अक्षर नाही. आता गुणावरनं ठेवलेलं नाव म्हटलं की जिच्यानं डोकं चालतं असं लोकांना वाटलं तिला ते बसणारच की, मग ती गोल पानाची असो नाहीतर लांब पानाची. मंडूकपर्णीचं तसं नाही. मंडूक म्हणजे बेडूक, पर्ण म्हणजे पान, नाव ऐकून तुम्ही परड्यात जाऊन शोधू शकता. बेडूकच का हे मी विचारलं, तर ती मुलगी म्हणाली पानाचा आकार बेडकाच्या पंजासारखा दिसतो म्हणून सांगतात. काकांचं म्हणणं वेगळं. ते म्हणाले ओल्या जागेत तिचा वेल बघा, जमिनीवरनं एक उडी मारतो, तिथं गाठ, गाठीखाली मुळं, गाठीवर पान, मग पुढची उडी. बेडकासारखं. मला काकांचं जास्त पटलं, कारण आजीच्या परड्यात ती अशीच उड्या मारत विहिरीपर्यंत गेलेली मी बघितलीय.

वंदेलगा त्याहून सोपं. वंदु म्हणजे एक, एले म्हणजे पान, एका देठाला एकच पान. संपला विषय. ज्या बाईंनी एका शब्दात पुडी नेली त्यांना ब्रह्मदेवाची गरजच पडली नाही.

हिंदीचं तर अजून भारी आहे. हिंदीत नुसतं 'ब्राह्मी' म्हटलं की कुठल्या गावात उभारलाय त्यावर अर्थ ठरतो. हरिद्वारकडं ब्राह्मी म्हणून जी मिळते ती बऱ्याचदा गोल पानाचीच, तिला ब्रह्ममंडूकी पण म्हणतात, म्हणजे दोन्ही नावं एकत्र करून भांडणच मिटवलेलं. झारखंडात तीच बेंग साग, बेंग म्हणजे बेडूक. म्हणजे संस्कृतातलं मंडूकपर्णी तिकडच्या बाया बाजारात भाजीच्या नावानं रोज बोलतात! आणि कडू ती जलनीम, पाण्यातला कडुलिंब. हे ऐकलं आणि मला माझा रिव्ह्यू आठवला, 'कडुलिंबाचा पाला वाटून घातलाय'. म्हणजे माझ्या जिभेनं नाव बरोबर ओळखलेलं, अर्थ तेवढा चुकीचा काढला. केरळात ब्राह्मी म्हणजे हीच कडू, बंगालात ब्राह्मी शाक म्हणून तळून भाताबरोबर खातात ती पण हीच, आणि गोल पानाला ते थानकुनी म्हणतात. तमिळमधे गोल पान म्हणजे वल्लारै. जुन्या मराठी वनस्पतींच्या पुस्तकांत गोल पानाला कारिवणा असं एक छान नाव आहे, ते आपण विसरून गेलो आणि सगळं ब्राह्मीवर आणून ठेवलं. आता व्यापारी म्हटलं की एकाकडनं एक ब्राह्मी येते, दुसऱ्याकडनं दुसरी, आणि दोघंही खरंच बोलत असतात. काका म्हणतात म्हणूनच ते फोनवर ऑर्डर देताना ब्राह्मी शब्द वापरतच नाहीत.

घरी हे सगळं सांगत होते तर पोरगं म्हणालं, आई ब्राह्मी ही लिपी आहे, रायचूर जिल्ह्यात मस्कीला अशोकाचा लेख आहे त्याच लिपीत, इतिहासाला आहे आम्हाला. म्हणजे ब्राह्मी न घेताच आठवलं. आत्ती म्हणाल्या एक घोट घेतलेला न्हवं, त्याचाच गुण. ह्यावर काय बोलणार!

गुण कुणाचा जास्त हा प्रश्न मी काकांना विचारला आणि त्यांनी दाद दिली नाही. ती मुलगी म्हणाली की कडूमधे बॅकोसाइड म्हणून घटक असतात, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं त्याच्यावर बरंच काम केलंय, स्मरणशक्तीच्या गोळ्यांत जास्त करून हीच असते. गोलमधे एशियाटिकोसाइड, ते जखम भरायला आणि कातडीला. इथं माझी ट्यूब पेटली, नणंद पुण्याहनं येते तेव्हा तिच्याकडं ते कोरियन 'सिका' क्रीम असतं, एवढीशी ट्यूब आणि किंमत ऐकून आत्ती पाणी पितात, त्यातला 'सिका' म्हणजे हेच, आजीच्या न्हाणीमागचं. आम्ही ते म्हशीच्या पायाखाली तुडवत होतो. जाता जाता एक, आपल्या बेळगावातच नेहरूनगरला आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे, आणि मला ते त्या मुलीकडनं कळलं. मी पंधरा वर्षं त्याच रस्त्यानं जाते-येते.

एक प्रसंग सांगते, त्यासाठी मी हे लिहायला घेतलं म्हटलं तरी चालेल. मी तिथं असतानाच खानापूरकडनं एक माणूस आला, पोरीला फिट येतात, कुणीतरी सांगितलं गोळ्यांनी पोर सुस्त होते, त्या बंद करा आणि ब्राह्मी सुरू करा. म्हणाला अर्धा किलो द्या. माझ्या डोक्यात आत्ताच ऐकलेलं अपस्मार आणि ब्राह्मी घृत घुमत होतं, मला वाटलं काका आता देणार. काकांनी तराजूला हात सुद्धा लावला नाही. "गोळ्या बंद केल्यासा काय?" तो म्हणाला अजून नाही, उद्यापासनं. "मग उद्या पण करू नकोस. डॉक्टरला जाऊन विचार, ब्राह्मी देऊ काय, किती देऊ, गोळीसंगट चालते काय. चिठ्ठी घेऊन ये, मग दीड किलो ने." तो माणूस जरा रागानंच गेला, जाताना पुटपुटला की पैसे देतो तरी देत नाहीत. काका माझ्याकडं बघून म्हणाले, दुसऱ्या दुकानात मिळंलच त्याला. आणि गप्प बसून त्या पेल्यातलं पाणी बाहेर ओतलं. डोस ते कुणालाच सांगत नाहीत, मला पण नाही सांगितला, वैद्याला विचारा म्हणाले. आधी मला ते उर्मटपणाचं वाटलं होतं.

बाकीचे कप्पे पण बघण्यासारखे आहेत, पण सगळे लिहीत बसले तर पोराची दहावी संपेल. सराट्याचा कप्पा तेवढा सांगते. संस्कृत गोक्षुर, हिंदी गोखरू, कन्नड नेग्गिलू, आणि पेन्सिलीनं मराठी 'सराटे'. गाईच्या खुरावरनं नाव. त्याचंच दुसरं संस्कृत नाव श्वदंष्ट्रा, कुत्र्याचा दात! ज्यानं लहानपणी अनवाणी पायानं सराटा तुडवलाय त्याला ह्या नावाचा अर्थ वेगळा सांगायला नको. शंखपुष्पीच्या कप्प्यापाशी काकांनी नुसता हात जोडला, म्हणाले तिथं दोन नाहीत, तिघी-चौघी आहेत, परत या कधीतरी. विष्णुक्रांता पण शंखपुष्पी, काही ठिकाणी आपली कुंपणावरची गोकर्ण पण शंखपुष्पी. मी पळालेच.

आता तक्रारी, नाहीतर म्हणाल काकांची भाची दिसते.

पार्किंग विसरा. गाडी लांब लावून चालत या, आत गल्लीत हातगाड्या आणि टेम्पोंची कायम गर्दी. दुपारी दोन ते चार बंद, आणि हे कुठं लिहिलेलं नाही, मी पहिल्यांदा गेले तेव्हा पावणेतीनला पोचून पायरीवर बसलेले. पुडी वर्तमानपत्रात बांधत होते, मी म्हटलं काका शाई लागते, पोटात जायचंय ते, तेव्हा कुठं आतनं साधा खाकी कागद काढला, आणि मागितल्याशिवाय तो देत नाहीत. पण स्टार कापला तो ह्यासाठी की माल कधी आलाय हे कुठंच लिहिलेलं नसतं. कप्प्यावर चार भाषांत नाव आहे, तारीख एका भाषेत नाही. विचारलं तर म्हणतात माझ्या लक्षात आहे. काकांच्या लक्षात असेल हो, ते बहुतेक ब्राह्मी खात असतील, पण गल्ल्यावर त्यांचा पुतण्या असतो तेव्हा काय? त्याला मी विचारलं ही कधीची, तर म्हणाला "नवीनच हाय की", आणि नवीन म्हणजे दिवाळीची का गेल्या दिवाळीची ते त्याला पण माहीत नव्हतं. पुतण्या असेल तर परत जा आणि संध्याकाळी या, हा माझा स्पष्ट सल्ला.

भाव म्हणाल तर मला गोल पानाची शंभर ग्रॅम साठ रुपयांना आणि कडू ऐंशीला मिळाली. ऑनलाइनच्या मानानं निम्मं. यूपीआय चालतं, पण काका मोबाईल लांब धरून पैसे आलेत का ते बघतात त्यात दोन मिनिटं जातात, सुट्टे असतील तर द्या.

शेवटी काय घेतलं? दोन्ही थोडी थोडी. पण पोराच्या पोटात गेली ती तिसऱ्याच वाटेनं. आमच्या शेजारी सिरसीकडच्या एक काकू राहतात, त्यांना हे सगळं रामायण सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या, म्हणाल्या वंदेलगा वाळलेली कशाला आणता, भाजीवालीकडं ताजी मिळते की, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तंबुळी करून पाठवली. मूठभर पानं, जिरं-मिरी तुपात परतून, ओलं खोबरं, सगळं गार वाटायचं, ताकात कालवायचं आणि वरनं मोहरी-सुक्या मिरचीची फोडणी. हिरवट पांढरी, गार, भातावर ओतून. पोरानं दोन वाट्या हाणल्या आणि विचारलं हे काय आहे. कुणी सांगितलं नाही. आता आठवड्यातनं दोनदा होते.

आणि तो ऑनलाइनचा रिव्ह्यू मी बदलला. एकचे तीन स्टार केले, भेसळ शब्द काढला, माफी मागितली, आणि लिहिलं की माल खरा आहे पण पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'ब्राह्मी' लिहिताय तर तिथंच 'जलनीम' पण लिहा, मागं मुंगीएवढ्या अक्षरात परदेशी नाव लिहून आमच्यासारखीला काय कळणार. दोन कापले ते ह्याचेच. नव्या रिव्ह्यूला आजपर्यंत तिघांनी उपयोगी म्हटलंय. जुन्या सत्तावीस जणांना कुठं शोधू?

आत्तींना संस्कृत, हिंदी, कन्नड कशाचंच कौतुक नाही. त्यांनी दोन डबे धुतले, पुसले, दोन्हीवर चिकटपट्टी लावून मार्करनं लिहिलं. एकावर 'गोल ब्राम्ही', दुसऱ्यावर 'कडू ब्राम्ही'. खाली तारीख पण टाकलीय. काकांना डब्यांचा फोटो दाखवला तर त्यांनी चष्मा खाली घेऊन नीट बघितला आणि म्हणाले, तारीख कशाला?